तळखिंडची तिरपी काठी

तळखिंडच्या जत्रेला पहिल्यांदा येणारा पाहुणा डोंगराकडे बघतो आणि हमखास हसतो. चैत्री पुनवेची सकाळ असते. माळावर पाळणे उभे राहिलेले असतात, भज्यांचे तेल तापलेले असते, आणि डोंगरावरच्या चौथऱ्यावर गावाचे निशाण बघावे तर त्याची काठी वाकडी! तीही थोडीथोडकी नव्हे. दमलेला माणूस भिंतीला रेलावा तशी ती तिरपी असते. भगवे कापड एका अंगाला लोंबत असते, काठीखाली खांदे देऊन माणसे उभी असतात, आणि त्यांच्यापैकी कुणालाही ती सरळ करण्याची घाई नसते.

मग पाहुण्याला शहाणपणा सुचतो. एवढ्या गावात एक ओळंबा नाही का, एक गवंडी नाही का, असे तो विचारतो. तळखिंडचे लोक असल्या पाहुण्याशी वाद घालत नाहीत. ते त्याला शाळेच्या अंगणात नेऊन तिथला झेंड्याचा खांब दाखवतात. सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला तिथे तिरंगा चढतो तेव्हा केशरी पट्टा वरच असतो, दोरीला गाठ नसते, आणि उतरवताना कापडाचे टोक जमिनीला लागू नये म्हणून खाली दोघीतिघी पोरी ओंजळी धरून उभ्या असतात. खांब तर असा सरळ, की गवंड्याने येऊन शिकून जावे. सरळ काठी लावता येत नाही असला काही प्रकार नाही, एवढे पाहुण्याला कळते.

मग त्याला खाली खडकओढ्याकडे बघायला सांगतात. ओढ्यावर आता चांगला सिमेंटचा पूल आहे. तरी खालच्या गावांच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, जीपा सगळ्या पुलाच्या पलीकडे थांबलेल्या दिसतात. डोंगरावरची काठी सरळ झाल्याशिवाय कुणी चाक पुलावर घालत नाही. हे असे का, ते मग चौथऱ्याजवळच्या उंबराखाली बसून कुणी म्हातारे माणूस सांगते. घराघरात सांगण्यात थोडा फरक पडतो, पण मुख्य गोष्ट बदलत नाही.

ती अशी सांगतात.

फार जुन्या काळी या डोंगरावर चौकी होती. राज्य कुणाचे होते यावर गावात एकमत नाही, आणि तुम्ही विचाराल तर वाद होतील. पण लुटारूंचा उपद्रव होता हे सगळे मान्य करतात. ते घोड्यांवरून खिंडीतून उतरत आणि धान्य, जनावरे, हाताला लागेल ते घेऊन जात. तेव्हा म्हाळोजी नावाच्या माणसाने चौथऱ्यावर दगडी उखळ बसवले, त्यात उंच वेळूची काठी रोवली आणि तिला निशाण बांधले. मग तो खालच्या गावांत जाऊन बोली करून आला. निशाण उभे दिसले तर समजायचे की तळखिंड सुखरूप आहे, खुशाल या, भेटा, जत्रा करा. निशाण दिसेनासे झाले तर समजायचे की गावावर घाला आला आहे, मग हातात असेल ते घेऊन धावायचे. निशाणाला असे दोनच शब्द येत होते. म्हाळोजीच्या घराला तेव्हापासून निशाणदार म्हणू लागले, आणि घरात माणूस असेतो निशाण पडू द्यायचे नाही, अशी त्याने देवीपुढे आण घेतली.

ही बोली किती पक्की होती त्याची एक मजा सांगतात. एकदा वळवाच्या वादळात काठी मधोमध मोडली. गाव कौले शाकारण्यात गुंतले होते, निशाणाचे कुणाच्या लक्षातच आले नाही. दिवस कलायच्या आत खालच्या पिंपरणीची आणि आसपासच्या वाड्यांची झाडून सगळी माणसे कोयते, कुऱ्हाडी, मुसळे घेऊन धापा टाकत गावात शिरली. दरोडेखोर कुठे दिसेनात. तळखिंडकरांना ओशाळे झाले. आलेल्यांना तसे कसे पाठवायचे, म्हणून घरोघर पुरण शिजले, आणि पिंपरणीकर दुसऱ्या दिवशी सकाळी तृप्त होऊन परतले. त्या सालात गावात हरभऱ्याची डाळ पुन्हा दिसली नाही म्हणे.

ही कथा आहे त्या म्हाळोजीच्या नातवाची, सुभानाची. सुभाना साधा माणूस होता. बायको लवकर गेलेली, घरात तो आणि त्याची एकुलती एक लेक हौसा. निशाणाची निगा हीच दोघांची वर्षभराची कामगिरी होती. फाल्गुनात पळस फुलला की बापलेक टोपल्या घेऊन रानात जात, फुले वेचून सावलीत वाळवत, आणि त्यांच्या काढ्यात नवे कापड दोनदा बुडवून काढत. शिवणकाम हौसाचे. निशाण फाटते ते नेहमी फडफडणाऱ्या टोकाकडून, म्हणून ती त्या बाजूला दुहेरी शिवण घालायची आणि शिवून झाले की दातांनी दोरा तोडून बापाकडे बघायची. सुभाना कापड उन्हाकडे धरून उगाच एखादी खोड काढायचा. ती चिडायची. चिडली की त्याला बरे वाटायचे.

हौसाचे लग्न पिंपरणीत झाले तेव्हा सुभानाने जावयाकडून एकच गोष्ट मागून घेतली, ती म्हणजे निशाण शिवायला दर फाल्गुनात लेकीला माहेरी पाठवायचे. जावई चांगला होता, पाठवायचा. पण ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी हौसा बाळंत झाली. लेक झाली. पहिलटकरीण, दिवस ताजे, म्हणून फाल्गुनात तिला येता आले नाही. कापड तिने पिंपरणीतच शिवून पाठवले आणि निरोप दिला, 'आबा, पुनवेला निशाण उभं दिसलं की गाडी जोडतो. नातीला देवीआईच्या पायावर घालायला आणते. शिवणीत खोड काढायची असंल तर तवा काढा.'

सुभानाने तो निरोप गावात ज्याला त्याला सांगितला. काहींना दोनदा सांगितला.

आणि पुनव चार-सहा दिवसांवर आली असताना तळखिंडमध्ये पटकी शिरली.

पटकी म्हणजे उलट्या-जुलाबांचा तो जुना रोग. सकाळी मोट हाकणारा माणूस संध्याकाळी तिरडीवर जायचा. पहिल्यांदा वरच्या आळीत एक म्हातारे माणूस गेले, तेव्हा लोक म्हणाले वय झाले होते. मग एक तरणी बाई गेली. मग पाटलाचा धाकटा भाऊ गेला, तेव्हा कुणाला कारण सुचेना. पण रोगाचे नाव कुणी घेईना. नाव घेतले की तो उंबऱ्यात येऊन बसतो, अशी समजूत होती. लोक नुसते म्हणत, गावात पाहुणी आलीय. बारवेचे पाणी सगळा गाव पीत होता, आणि त्या पाण्यात काय आहे हे त्या काळी कुणाला ठाऊक असणार?

अमृतराव पाटलाने देवळात माणसे जमवली. पाटील काही दुष्ट नव्हता, हे सांगणारे आवर्जून सांगतात. भावाला अग्नी देऊन आलेला माणूस होता तो. पण त्याच्या मनाने एकच धरले होते. आई कोपली आहे, आणि अशा वेळी तिची जत्रा मोडली तर ती आणखी कोपेल. उलट या वर्षी निशाण नेहमीपेक्षा उंच लावावे, खालच्या गावांनी झाडून यावे, आईचा जयजयकार व्हावा, म्हणजे पाहुणी आल्या वाटेने जाईल. जमलेल्या सगळ्यांना हे पटले. खरे तर सुभानालाही पटले. नवी, आणखी उंच काठी त्यानेच वेळूच्या बेटातून निवडून आणली.

पुनवेची सकाळ झाली. सुभानाने स्नान केले, लेकीने शिवलेले निशाण काठीला बांधले, चौघांच्या मदतीने काठी उखळात उभी केली. वारा सुटला आणि कापड असे भरून फडकले, की गेले काही दिवस रडून थकलेल्या बायकांनीही खालून हात जोडले. मदतीला आलेले चौघे खाली देवळाकडे गेले. सुभाना नेहमीसारखा चौथऱ्यावर राखण करत बसला.

उन्हे चढली तसा खाली मैदानात धुरळा उठला. आधी पिंपरणीच्या वाटेवर, मग बोरतळ्याच्या, मग आणखी एका वाटेवर. निशाण बघून गाड्या जोडल्या गेल्या होत्या. दर वर्षी हा धुरळा बघून सुभानाची छाती फुगायची. या वर्षीही फुगली, म्हणतात. मग त्याने सहज मागे वळून गावाकडे बघितले, तर वरच्या आळीतून एक तिरडी निघत होती. तिच्या मागून, अजून वाट अडलेली म्हणून थांबलेली, दुसरी.

सुभाना पुन्हा धुरळ्याकडे बघू लागला. त्या धुरळ्यात त्याची लेक होती, आणि तिच्या मांडीवर त्याने अजून न बघितलेली नात. गाडीतून उतरल्यावर त्या आधी काय करणार? बारवेचे पाणी पिणार, गावच्या पंगतीत बसणार, वरच्या आळीतल्या आत्याबाईंच्या गळ्यात पडणार. आणि त्यांना इथे बोलावत कोण होते? त्याच्या हातांनी उभे केलेले, तिच्या हातांनी शिवलेले निशाण. ते 'या, सुखरूप आहे' म्हणत होते. साफ खोटे बोलत होते.

त्याने काठीला मिठी मारली आणि आण मोडायचे ठरवून ती उखळातून उपसली. जी काठी चौघांनी उभी केली होती ती एकट्याने कशी उपसली, हे विचारू नये. ज्याची लेक त्या वाटेवर असेल त्यानेच विचारावे. काठी खांद्यावर घेऊन तो ती आडवी करू लागला, आणि अर्ध्यावर आणल्यावर त्याला ती वादळाची आठवण झाली.

निशाण पडले तर ते माघारी जाणार नव्हते. ते धावत येणार होते! बायकामुलांना वाटेवर बसवून सगळे पुरुष कुऱ्हाडी घेऊन सरळ गावात घुसणार होते. त्यांच्या मागून, बापाच्या काळजीने, हौसाही पोर छातीशी घेऊन पळत सुटली असती. तिची लहानपणापासूनची खोड त्याला माहीत होती, घाबरली की ती लांब पळत नसे, बापाकडे पळे.

उभे करावे तर ते येणार, आडवे करावे तरी येणार. लोक आता सुभानाला फार हुशार म्हणतात. पण खरी गोष्ट अशी सांगतात, की तो हुशारी करत नव्हता, तो अडकला होता. काठीचा बुडखा उखळाच्या काठाला टेकलेला, मध्य खांद्यावर, निशाण तिरपे लोंबते आहे, आणि पुढे काय करावे ते त्याला सुचत नाही. तो तसाच उभा राहिला. डोळ्यांत घाम उतरत होता, पुसायला हात मोकळा नव्हता.

मग पिंपरणीच्या वाटेवरचा धुरळा बसला. गाड्या थांबल्या होत्या.

खाली माणसे गाड्यांवर उभी राहून हाताची सावली डोळ्यांवर धरून डोंगराकडे बघत होती. निशाण उभे नव्हते आणि पडलेलेही नव्हते. असे कधी कुणी बघितले नव्हते. म्हाताऱ्यांनाही त्याचा अर्थ सांगता येईना, आणि ज्याचा अर्थ माहीत नाही त्याच्याकडे बैल हाकायला कुणी तयार होईना. बोरतळ्याच्या गाड्याही थांबल्या. सगळे खडकओढ्याच्या पलीकडे येऊन खोळंबून राहिले. सुभानाने हे वरून बघितले आणि खांदा आणखी घट्ट रोवला.

इकडे देवळातून पाटलाने काठी तिरपी झालेली बघितली आणि तो रागाने लाल होऊन डोंगर चढून आला.

"सुभान्या, डोकं फिरलं का तुझं? आईच्या जत्रंला निशाण वाकवतोस? सरळ कर ती काठी!"

"न्हाई करत, पाटील."

"तुझ्या आज्याची आण हाय ना रं?"

"हाय. ती मोडल्याचं पाप माझ्या माथी. पर ह्यो धुरळा बघा. माझी हौसा हाय त्यात. तुमची बहीण बी असंल, दर साली येती ती. म्या आता खांदा काढून घेतो. तुम्हाला सरळ करायची असंल तर तुमच्या हातानं करा. बोलवा त्यांस्नी."

असे म्हणून सुभाना खरोखरच खांदा काढू लागला. काठी कलंडली. आणि पाटलाने, जो ती सरळ करायला आला होता, पुढे होऊन तिच्याखाली आपला खांदा दिला. काठी होती तशीच तिरपी राहिली. पाटील खाली थांबलेल्या गाड्यांकडे बघत राहिला. भावाला अग्नी देतानाही तो रडला नव्हता, तो तिथे रडला, असे सांगतात.

"जा तू," तो म्हणाला. "वढ्यावर जा आन त्यांस्नी सांग. तुझं ऐकतील."

सुभाना ओढ्याच्या अलीकडच्या काठावर गेला. पलीकडे शंभर माणसे प्रश्न विचारत होती. सुभानाने हात वर केला आणि जे नाव गावात कुणी घेतले नव्हते ते सगळ्यांना ऐकू जाईल असे घेतले.

"पटकी हाय गावात! माणसं मराय लागल्यात. कुणी वढा वलांडू नका. फिरा माघारी!"

मग त्या गर्दीतून हौसा पोर घेऊन पुढे आली आणि थेट पाण्याकडे निघाली.

"आबा, म्या येते. तुम्हास्नी एकलं ठिवून जाऊ व्हय?"

"हौसे, पाण्यात पाय घालशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. थांब तिथंच!"

ती थांबली. पाणी घोट्याएवढे होते. एवढे थोडे पाणी त्या दोघांमध्ये होते.

"मंग नात कशी दावू?" तिने विचारले.

"तिथनंच दाव की. मला काय आंधळा समजती का?"

हौसाने दुपटे सोडून पोर दोन्ही हातांनी वर धरली. सुभानाने डोळे बारीक करून बघितले.

"कुणावर गेलीय गं?"

"नाक तुमचं हाय."

"आरं देवा. मंग लगीन जमाया वेळ लागंल तिचं."

पलीकडची माणसे तशातही हसली. हौसाही हसली, आणि हसता हसता तिचे तोंड वेडेवाकडे झाले. सुभाना म्हणाला, "शिवण झकास झालीया. खोड न्हाई." आणि तो वळून डोंगराकडे चालू लागला. पुढे काही बोलला असता तर तोच पाण्यात उतरला असता, असे जुन्या बायका सांगतात, आणि ते खरे असावे.

गाड्या माघारी फिरल्या. फिरण्याआधी लोकांनी जत्रेसाठी आणलेले सगळे, जोंधळे, गूळ, कांदे, नारळ, ओढ्याच्या काठावर उतरवून ठेवले. ते गेल्यावर तळखिंडची माणसे जाऊन घेऊन आली. त्यानंतर जवळजवळ रोजच पलीकडच्या काठावर काही ना काही ठेवलेले दिसू लागले. कोण ठेवून जाई ते विचारायला पलीकडे कुणी थांबत नसे आणि विचारायची गरजही नव्हती.

सुभाना त्याच आठवड्यात पटकीने गेला. शेवटपर्यंत तो काठी कुणाच्या खांद्यावर आहे ते विचारत होता म्हणे. काठी कधी पाटलाच्या खांद्यावर होती, कधी कुंभाराच्या, कधी महारवाड्यातल्या माणसांच्या. रोगाने सोवळेओवळे धुऊन नेले होते. पाटलाने सगळ्यांना सांगून ठेवले होते, गाव बरा होईपर्यंत ती काठी तिरपीच राहील, कारण तिरपी आहे तोवर कुणी पाहुणा मरायला येणार नाही. दिवस उगवला की माणसे पाळीने खांदा द्यायची. काही पाळ्या अशा झाल्या, की ज्याने सकाळी खांदा दिला होता त्याला दुपारी खाली आणावे लागले, आणि त्याच्या मागचा पुढे झाला.

ज्येष्ठ सरत आला तसा रोग उतरला. नवा माणूस पडेना, पडलेले उठून बसू लागले. तेव्हा पाटलाने ओढ्यावर उभे राहून पिंपरणीला निरोप धाडला. निशाणदारांच्या घरात आता हौसाच उरली होती. काठी सरळ करायची तर तिच्या हाताने, असे सगळ्यांच्या मनात होते.

हौसा आली. पोर सासूजवळ ठेवून एकटीच आली. डोंगरावर सगळे गाव जमले होते, म्हणजे जेवढे उरले होते तेवढे. पाटील म्हणाला, "बाई, लाव हात. झालं सगळं. गाव बरं हाय."

हौसाने काठीला हात लावला आणि काढून घेतला.

"कुणाच्या घरात कुणी पडून न्हाई ना, काका?"

"न्हाई, म्हणलं ना."

"मागच्या खेपंला बी न्हाईच म्हणत व्हता तुम्ही. म्या दारात जाऊन इचारते."

पाटील वाटेतून बाजूला झाला. हौसा डोंगर उतरली आणि पहिल्या दारापासून सुरुवात करून घरोघर गेली. उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारायची, "घर बरं हाय का?" आतून उत्तर यायचे, "बरं हाय." काही दारांना नुसती कडी होती, कारण आत कुणी राहिले नव्हते. तिथेही ती विचारायची, आत कुणी असल्यासारखी जरा थांबायची आणि मग पुढे जायची. बापाचे घर वाटेतच होते. तिथेही तिने विचारले की नाही, यावर सांगणाऱ्यांचे दोन तट आहेत.

सगळी दारे करून ती वर आली. म्हणाली, "सगळी म्हणत्यात बरं हाय. करा सरळ." माणसांनी काठीला हात घातले. ताशावाल्याने कातडे तापवून ठेवले होते, त्याने काड्या उचलल्या. तेवढ्यात आंबूआजी नावाची एक म्हातारी गर्दीतून पुढे आली. तिचे दोन मुलगे त्या दोन महिन्यांत गेले होते. तिने हौसाच्या हनुवटीला हात लावून तिचे तोंड वर केले.

"समद्यांचं इचारलंस, पोरी. आन तुझं गं? तुझं बरं हाय का?"

हौसाने 'व्हय' म्हणायला तोंड उघडले. निशाणदाराची लेक होती, सगळे गाव बघत होते, काठी अर्धी उचललेली होती. पण तो शब्द काही तिच्याने बोलवेना.

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई बरं, आजी. घोट्याएवढं पानी व्हतं. म्या का थांबले?"

आणि ती चौथऱ्यावर खाली बसून बापाच्या नावाने मोठमोठ्याने रडली. ओढ्यापासून तोवर ती रडलीच नव्हती. आंबूआजी तिच्याशेजारी बसली. मग एकेक करून सगळ्या बायका बसल्या, आणि ज्यांनी आपापली माणसे घाईघाईने जाळून टाकली होती, ज्यांना रडायला उसंत मिळाली नव्हती, त्या सगळ्या त्या दिवशी रडल्या. ताशावाल्याने काड्या खाली ठेवल्या. पुरुष काठी खांद्यावर घेऊन उभे राहिले. त्या दिवशी काठी सरळ झालीच नाही. ती दुसऱ्या दिवशी झाली, हौसाने स्वतः हात लावल्यावर. खालच्या गावांनी ती बघितली आणि तेव्हा कुठे गाड्यांनी ओढा ओलांडला.

एवढे सांगून झाले, की म्हातारे माणूस उंबराखालून उठते. कारण तोवर खालून बायकांचा घोळका वर येताना दिसू लागतो.

आजही चैत्री पुनवेला काठी आधी तिरपीच धरतात. गावची एखादी माहेरवाशीण घरोघर जाऊन विचारते. एखाद्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेले असेल तर आधी सगळे गाव त्या घरी जाऊन येते, औषधपाण्याचे बघते, मगच ते घर 'बरं हाय' म्हणते. देशावर एखादे मोठे दुःख येते आणि शाळेतला तिरंगा अर्ध्यावर आणतात, तेव्हा मास्तरांना तळखिंडच्या पोरांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. निशाणालाही दुःख सांगता येते, हे त्यांना चालायला लागल्यापासून माहीत असते.

आणि सगळ्यात शेवटी, काठीला हात घालण्याआधी, गावातली सगळ्यात वयस्क बाई त्या विचारणारीलाच विचारते, "आन तुझं गं?" तिने तिथे खोटे बोलायचे नाही, आणि गावाने घाई करायची नाही. बहुतेक वर्षी ती लाजून 'बरं हाय' म्हणते आणि ताशा कडाडतो. पण थोड्याच वर्षांपूर्वी अशी एक मुलगी वर आली. चांगली साडी, हातभर बांगड्या, नवरा खाली पुलापलीकडे जीपमध्ये बसलेला. म्हातारीने विचारले, तशी ती पायाकडे बघत म्हणाली, "न्हाई."

खाली ओढ्यापलीकडे हजारो माणसे ताटकळली होती. माळावर पाळणेवाले कुरकुरत होते. काठीखाली पहिल्या खांद्याला पाटलांच्या घरातला एक उंच माणूस होता. त्याने तिला का म्हणून विचारले नाही. भार दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "बस बाई सावलीला, सांग समदं आजीला. आम्ही हाय उभं."